गोठ्यातली सुई, मैदानावरची सुई

पेप्टाइड हा शब्द तुम्ही बहुधा दोन ठिकाणी वाचला असेल. एकदा बारावीच्या रसायनशास्त्रात, 'पेप्टाइड बंध' म्हणून. आणि हल्ली मोबाइलवर, अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत: दुखापत लवकर भरते, रिकव्हरी झटपट होते, दम वाढतो. नरखेड तालुक्यातल्या म्हशी पाळणाऱ्या घरांत मात्र पेप्टाइड पुस्तकातूनही आलं नाही आणि मोबाइलवरूनही नाही. ते गोठ्यात आलं, छोट्याशा कुपीतून. त्याला कुणी पेप्टाइड म्हणत नव्हतं. दुधाचं किंवा पान्ह्याचं इंजेक्शन म्हणत.

या लेखात त्या कुपीपासून निघून आपण पोलीस भरतीच्या मैदानापर्यंत येणार आहोत. तुम्ही पेट देत असाल, नेट-सेटचा अभ्यास करत असाल किंवा नुसताच विषय शोधत असाल, तरी हा प्रवास उपयोगी पडेल. कारण औषधांचा इतिहास वाचताना 'हे चालतं का?' हा प्रश्न आपण पटकन विचारतो आणि त्यातच अडकतो. त्याच्या आधी विचारायचा एक प्रश्न आहे: ही सुई कशाच्या जागी आली?

पान्हा

म्हैस दूध सोडते ती रेडकू ढुसण्या द्यायला लागलं की. धार काढणारा आधी रेडकू लावतो, पान्हा आला की त्याला बाजूला बांधतो. आता रेडकू मेलं असेल तर? किंवा हल्या आहे म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नसेल आणि तो महिन्याभरात गेला असेल तर? म्हैस अडते. आचळात दूध असतं, पण उतरत नाही. पूर्वी लोक मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून तो पुतळा पुढे ठेवायचे. कुणी सरकी ढेप पुढे करायचं, कुणी कास चोळत बसायचं. त्यातही क्रूर प्रकार होता 'फूका'चा, म्हणजे जनावराच्या योनीमार्गात हवा फुंकण्याचा. गांधीजींनी दूध सोडण्याच्या कारणांत ही प्रथा आत्मकथेत नोंदवली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमात फूका आहेच, शिवाय दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं कोणतंही इंजेक्शन देणंही त्याच कलमात गुन्हा ठरवलं आहे.

फूका आणि इंजेक्शन एकाच कलमात का आले? कारण दोन्ही शरीरातलं एकच दार ठोठावतात. रेडकू ओढतं तेव्हा मज्जातंतूंमार्फत मेंदूला निरोप जातो, पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात येतं आणि कासेतल्या बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात. फूक्याने तोच निरोप जबरदस्तीने पाठवला जायचा. इंजेक्शनने निरोपाचीही गरज उरली नाही, हार्मोन थेट रक्तात.

म्हणजे गोठ्यातली सुई वासराच्या जागी आली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नऊ मण्यांची माळ

आता रसायनाकडे. १९०२ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांना 'पेप्टाइड' हे नाव दिलं. अमिनो आम्लं हे मणी समजा. थोडे मणी ओवले की पेप्टाइड, शेकडो ओवले की प्रोटीन. सीमारेषा काटेकोर नाही. ऑक्सिटोसिनमध्ये ९ मणी, इन्सुलिनमध्ये ५१, वाढीच्या हार्मोनमध्ये, म्हणजे ग्रोथ हार्मोनमध्ये, १९१. शेवटचं खरं तर प्रोटीन म्हणायला हवं, पण खेळातल्या बंदीच्या यादीत ते पेप्टाइड हार्मोनांच्याच गटात येतं, म्हणून आपणही त्याला इथे घेऊ.

१९०६ मध्ये हेन्री डेल यांना दिसलं की पिट्युटरीच्या मागच्या भागाच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं. १९१० मध्ये ऑट आणि स्कॉट यांनी त्याच अर्काचा दुधाशी असलेला संबंध दाखवला. पण अर्क म्हणजे खिचडी. त्यातला नेमका कोणता रेणू काम करतो हे कळायला १९५३ उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू व्हिन्यू यांनी ऑक्सिटोसिनची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं. प्रयोगशाळेत बनलेलं हे पहिलं पेप्टाइड हार्मोन. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. १९६३ मध्ये ब्रूस मेरीफिल्ड यांनी एका घन मण्याला साखळीचं टोक बांधून एकेक अमिनो आम्ल जोडत जायची पद्धत आणली. कामं महिन्यांवरून दिवसांवर आली. आज पेप्टाइड स्वस्त आहेत त्यामागे ही पद्धत आहे. गोठ्यातली कुपी आणि जिममधली कुपी, दोन्ही तिच्याच वंशातल्या.

हाच नऊ मण्यांचा रेणू प्रसूतिगृहातही असतो. बाळ जन्मल्यावर आईचा रक्तस्राव थांबावा म्हणून १० युनिट ऑक्सिटोसिन द्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कितीतरी बाया या सुईमुळे वाचतात. फरक काय? प्रसूतिगृहात मात्रा ठरलेली असते, वेळ ठरलेली असते, नोंद होते आणि कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवलेली असते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि युएनएफपीए या तिघांनी मिळून मुद्दाम निवेदन काढलं की ऑक्सिटोसिन शीतसाखळीतच ठेवा, कारण उन्हात त्याची ताकद जाते. नरखेडचा मे महिना आठवा. गोठ्यातल्या फळीवर पडलेल्या कुपीत किती ऑक्सिटोसिन उरलं असेल, हे ती टोचणाऱ्याला कळायला काहीच मार्ग नसतो.

अफवाही तपासायची

इन्सुलिनकडे वळण्याआधी थोडं थांबू. 'इंजेक्शनच्या दुधामुळे मुली लवकर वयात येतात' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. शिकलेल्या घरांतही ते ठामपणे बोललं जातं. आता तुम्हाला ऑक्सिटोसिनची रचना माहीत आहे, तर स्वतःच तपासा. पेप्टाइड पोटात गेलं की जठरातले आणि आतड्यातले एन्झाइम त्याचे तुकडे करतात. म्हणूनच इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं, नाहीतर मधुमेहींनी ते चहात टाकून घेतलं असतं. शिवाय ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटांतच निम्मं होतं. मग ते दुधात उतरून, उकळून, पचून मुलीच्या रक्तात कसं पोचणार?

२०१८ मध्ये हा प्रश्न कोर्टात गेला. जनावरांवरचा गैरवापर थांबवण्यासाठी केंद्र सरकारने त्या वर्षी एप्रिलमध्ये अधिसूचना काढून खासगी कंपन्यांना देशातल्या विक्रीसाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी केली. एकाच सरकारी कंपनीला परवानगी ठेवली. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द केली. बंदीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, आणि औषधाचा तुटवडा पडला तर बाळंतिणींच्या जिवावर बेतेल याचा विचार झालेला नाही, असा त्या निकालाचा रोख होता. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

याचा अर्थ गोठ्यातली सुई निर्दोष, असा होत नाही. जनावराला रोज दोनदा टोचणं हा त्रास आहेच आणि कायदाही त्याच्या बाजूने आहे. मुद्दा एवढाच की नुकसान कुठे होतं ते नीट शोधावं लागतं. भीतीची अफवा आणि आशेची अफवा, दोन्हींना एकच चाळणी लावायची. दुधाच्या अफवेला आपण विचारलं, 'रेणू तिथवर पोचतो का?' जिममधल्या कुपीलाही तेच विचारायचं आहे.

टोरांटोचा मुलगा आणि शुद्धतेचा प्रश्न

११ जानेवारी १९२२. टोरांटोच्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मधुमेही मुलगा. त्याला स्वादुपिंडाच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. साखर थोडी उतरली, पण टोचल्या जागी गळू झालं. अर्क अशुद्ध होता. डॉक्टर थांबले. जेम्स कॉलिप यांनी बारा दिवसांत अर्क शुद्ध करण्याची पद्धत सुधारली. २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिलं, तेव्हा मुलगा सावरायला लागला.

पाठ्यपुस्तकात 'इन्सुलिनचा शोध, बँटिंग आणि बेस्ट' एवढं एक वाक्य असतं. संशोधकाने ते बारा दिवस वाचायला हवेत. रेणू तोच होता. पहिल्या वेळी फसला, दुसऱ्या वेळी जीव वाचला. मधे झालं ते शुद्धीकरण. पुढे टोरांटो विद्यापीठाने पेटंट स्वतःकडे ठेवून इन्सुलिनची ताकद 'युनिट'मध्ये मोजायची आणि प्रत्येक बॅच तपासायची पद्धत लावली. आज नरखेडच्या मेडिकलमधून आणलेल्या इन्सुलिनच्या कुपीवर युनिट, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते, तिची मुळं तिथे आहेत.

आणि इथे सुई कशाच्या जागी आली? शरीरात जे बनतच नव्हतं त्याच्या जागी. घाईसाठी ती आलेली नव्हती.

सत्तावीस वर्षांनी कळलेली गोष्ट

वाढीच्या हार्मोनची कहाणी मात्र तुम्ही सावकाश वाचा. १९५८ मध्ये अमेरिकेत मॉरिस रेबेन यांनी हे हार्मोन वापरून वाढ खुंटलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाची उंची वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. जनावरांचं हार्मोन माणसात चालत नव्हतं, म्हणून ते मृत माणसांच्या पिट्युटरी ग्रंथींतून काढावं लागे. १९६३ पासून अमेरिकेत त्यासाठी राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली. हजारो ग्रंथी गोळा करून, एकत्र घोटून, अर्क काढून मुलांना दिला जाई. मुलं वाढत होती. डॉक्टर प्रामाणिक होते. अभ्यास चांगल्या नियतकालिकांत छापून येत होते.

१९८५ मध्ये, लहानपणी हे उपचार घेतलेल्या तरुणांपैकी काहींचा मृत्यू क्रॉइट्झफेल्ट-जेकब या मेंदूच्या दुर्मीळ आजाराने झाल्याचं लक्षात आलं. काही ग्रंथी आजारी माणसांच्या होत्या. एकत्र घोटल्यामुळे दोष पूर्ण घाण्यात पसरला होता, आणि आजार अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. अमेरिकेने वाटप थांबवलं. त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या कृत्रिम हार्मोनला मंजुरी मिळाली. फ्रान्समध्ये या जुन्या अर्कामुळे शंभरावर तरुण गेले.

१९५८ ते १९८५, सत्तावीस वर्षं. हे कळलं तरी का? कारण कुणाला, कधी, कुठला घाणा दिला याच्या नोंदी होत्या. वीस वर्षांपूर्वीच्या रुग्णाचं नाव शोधता येत होतं. तुम्ही प्रबंधासाठी 'फॉलो-अप' हा शब्द लिहाल तेव्हा ही मुलं आठवा.

नेमक्या याच काळात काही खेळाडूही हे हार्मोन चोरून घेऊ लागले होते. त्यांच्या नोंदी कुणाकडे असणार? १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने पेप्टाइड हार्मोनांवर बंदी घातली. ग्रोथ हार्मोन पकडणारी चाचणी पहिल्यांदा २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये वापरली गेली.

बरं, निरोगी खेळाडूला त्याचा फायदा तरी होतो का? २००८ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तोवरचे २७ अभ्यास एकत्र करून पाहिले. चरबी सोडून उरणारं वजन सरासरी २.१ किलोने वाढलं होतं. ताकद वाढल्याचा पुरावा सापडला नाही. सूज आणि थकवा मात्र जास्त होता. २०१० मध्ये सिडनीत ९६ हौशी खेळाडूंवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला, अर्ध्यांना खरं औषध आणि अर्ध्यांना नुसतं पाणी अशा धर्तीचा. सायकलवरच्या स्प्रिंटची क्षमता सुमारे ४ टक्के वाढली. ताकद, उडी, दम यांत फरक नाही. औषध थांबल्यावर सहा आठवड्यांनी तो फायदाही गेला. आरशात दंड मोठा दिसणं वेगळं आणि मैदानावर वेळ कमी लागणं वेगळं. वाढलेल्या वजनात बरंचसं पाणीच असतं.

आता मैदानावर

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. गावोगावची पोट्टी पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळतात. जाहिरात आली की सराव दुप्पट. मग नडगी धरते, टाच दुखते, मांडीचा स्नायू ओढला जातो. डॉक्टर म्हणतात तीन आठवडे विश्रांती. मैदानी चाचणी पाच आठवड्यांवर आलेली असते, वयाची मर्यादा संपत आलेली असते आणि घरच्यांनी अकादमीची फी भरलेली असते.

या फटीत कुपी शिरते. महाराष्ट्रातल्या व्यायामशाळांत मेफेनटर्माइनसारखी इंजेक्शनं पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ते पेप्टाइड नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणायला भूलतज्ज्ञ ते वापरतात. पण विकणाऱ्याच्या तोंडी सगळंच 'इंजेक्शन' असतं. पेप्टाइडच्या नावाने सध्या सर्वांत जास्त बोलली जातात ती दोन: बीपीसी-१५७ आणि टीबी-५००.

बीपीसी-१५७ ही १५ अमिनो आम्लांची साखळी. क्रोएशियातल्या झाग्रेब विद्यापीठातला प्रेद्राग सिकिरिच यांचा गट १९९० च्या दशकापासून तिच्यावर लिहितो आहे. मूळ कल्पना जठररसातल्या एका प्रोटीनवरून आली. उंदरांच्या टाचेची शीर कापून मग हे पेप्टाइड दिल्यावर ती लवकर भरून आली, अशा धर्तीचे हे अभ्यास आहेत. माणसांवरचे प्रकाशित अभ्यास बोटांवर मोजण्याइतके, त्यात मोजके रुग्ण आणि तुलनेला दुसरा गट नाही. टीबी-५०० हे थायमोसिन बीटा-४ या शरीरातल्या ४३ मण्यांच्या साखळीतल्या सात मण्यांच्या तुकड्याचं नाव. घोड्यांच्या शर्यतींत त्याचा बभ्रा आधी झाला. थायमोसिन बीटा-४ आणि टीबी-५०० जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदीयादीत आहेत. बीपीसी-१५७ चं नाव २०२२ पासून त्या यादीत 'माणसांसाठी कुठेच मंजूर नसलेली द्रव्यं' या गटात आहे. भारतात २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने नाडा या संस्थेला कायद्याचा आधार दिला आहे. तुमच्या ओळखीचा कुणी राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धा खेळत असेल, तर या कुपीने त्याची कारकीर्द संपू शकते.

उंदरांचे अभ्यास खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण वाचताना तीन गोष्टी विचारा. हे निष्कर्ष दुसऱ्या गटांनी, दुसऱ्या देशांत, स्वतंत्रपणे पुन्हा मिळवले का? उंदराची एकदा कापलेली निरोगी शीर आणि रोज पळून झिजलेली माणसाची शीर, ही एकच दुखापत आहे का? आणि नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं द्रव्य असेल, तर ते जखमेपुरतंच थांबतं, की कुठे लपलेली गाठ असेल तर तिलाही खतपाणी घालतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसांवरचा लांब पल्ल्याचा अभ्यास लागतो. ग्रोथ हार्मोनच्या बाबतीत तो सत्तावीस वर्षांचा निघाला.

आणि त्या कुपीवर इंग्रजीत छापलेलं असतं, 'फॉर रिसर्च यूज ओन्ली'. हे वाक्य तुमच्या-माझ्या क्षेत्रातलं आहे, म्हणून त्याचा अर्थ आपणच सांगायला हवा. त्याचा अर्थ 'संशोधनाने सिद्ध' असा नाही. त्याचा अर्थ, हे माणसात टोचण्यासाठी तपासलेलं नाही. निर्जंतुक आहे का, आत जिवाणूंचं विष आहे का, हे पाहण्याची जबाबदारी आमच्यावर नाही. '९८ टक्के शुद्ध' असं प्रमाणपत्र सोबत असलं तरी ते फक्त साखळीच्या रासायनिक शुद्धतेबद्दल बोलतं. लिओनार्ड थॉम्पसनला गळू झालं, तेव्हा समोर डॉक्टर होते, त्यांनी ते पाहिलं आणि थांबवलं. हॉस्टेलच्या खोलीत एकमेकांना टोचणाऱ्या दोन मुलांसमोर कोण असतं?

ज्या क्लबला आठवत नव्हतं

'आम्ही विचारपूर्वक घेतो, तज्ज्ञ माणूस सांगतो' असं कुणी म्हणालं, तर त्याला ऑस्ट्रेलियातल्या एसेंडन फुटबॉल क्लबची गोष्ट सांगा. श्रीमंत क्लब, पगारी क्रीडाशास्त्रज्ञ, खेळाडूंच्या सह्या घेतलेली संमतीपत्रं. २०१२ च्या हंगामासाठी खेळाडूंना इंजेक्शनांचा मोठा कार्यक्रम दिला गेला. २०१३ मध्ये चौकशी झाली, तेव्हा कुणाला नेमकं काय, किती, कधी टोचलं याच्या धड नोंदीच सापडल्या नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये खेळांच्या आंतरराष्ट्रीय लवादाने ३४ आजी-माजी खेळाडूंना थायमोसिन बीटा-४ वापरल्याबद्दल दोन वर्षांची बंदी केली.

बंदी संपली, पण 'माझ्या अंगात काय गेलं?' या खेळाडूंच्या प्रश्नाला त्या कागदांतून उत्तर मिळत नाही. पिट्युटरीच्या अर्कात दोष होता, पण नोंदी होत्या, म्हणून पुढची मुलं वाचली. एसेंडनमध्ये पैसा होता, शास्त्रज्ञ होता, फक्त वही नव्हती.

मग विचारपूर्वक म्हणजे काय

आतापर्यंतच्या सुया एका ओळीत मांडून पाहा. मधुमेही मुलाची सुई, रक्तस्राव होणाऱ्या आईची सुई, हार्मोन नसलेल्या मुलाची सुई: तिन्ही ठिकाणी शरीरात काहीतरी कमी होतं किंवा जीव धोक्यात होता, आणि मोजणारं, लिहिणारं कुणीतरी होतं. गोठ्यातली सुई रेडकाच्या जागी आली. मैदानावरची सुई तीन आठवड्यांच्या विश्रांतीच्या जागी येते. दोन्ही ठिकाणी शरीर निरोगी आहे, फक्त आपल्याला घाई आहे.

संत्र्याच्या बागेत वाढलेल्या पोराला हे समजावून सांगायची गरज पडू नये. बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं. ताण तुटला की पाणी, खत आणि वेळ. ताण जास्त झाला तर झाड वाळतं, कमी झाला तर फुलोरा येत नाही. सरावाने स्नायूंना आणि हाडांना ताण बसतो, आणि ती भक्कम होतात ती ताणाच्या काळात नाही, नंतरच्या विश्रांतीत. झोप, पाणी, पुरेसं प्रोटीन, पळण्याचं अंतर हळूहळू वाढवणं, डांबराऐवजी मातीवर पळणं. यात विकण्यासारखं फार काही नाही, म्हणून त्याचे व्हिडिओ कमी दिसतात.

प्रोटीनचं नाव निघालं म्हणून एका मराठी संशोधिकेबद्दल सांगतो. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या बहीण. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी हट्ट सोडला नाही, प्रवेश मिळवला आणि दूध व डाळींमधल्या प्रोटीनवर काम केलं. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. १९५५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने 'नेचर'मध्ये लिहिलं की वाल आणि डबल बी यांतून ट्रिप्सिन रोखणारी द्रव्यं स्फटिकरूपात वेगळी करता आली. ट्रिप्सिन म्हणजे आतड्यात प्रोटीनचे पेप्टाइड करणारं एन्झाइम. ते अडलं तर डाळ खाऊनही अंगी लागत नाही. भिजवून, मोड आणून, नीट शिजवून खायची आपली पद्धत या अडथळ्यावरचा उपाय आहे. ताकदीसाठी मूठभर कच्ची कडधान्यं चावणाऱ्या पोट्ट्याला सांगण्यासारखं हे संशोधन सत्तर वर्षांपूर्वी मुंबईत झालं आहे. नीरेवरचं त्यांचं कामही वाचा. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरा देऊन त्यांच्या तब्येतीत काय फरक पडतो, हे त्यांनी मोजलं. साध्या पेयाबद्दलचा दावाही माणसांवर मोजूनच करायचा, हा तिथला धडा.

आता तुमच्यासाठी. पीएचडीच्या मुलाखतीत 'ग्रामीण भाग आणि औषधवापर' असा विषय सुचवायचा असेल, तर या गोष्टीत मला तीन मोकळ्या वाटा दिसतात. ऑक्सिटोसिनची कुपी नरखेड-काटोलच्या गोठ्यांत कोणाकडून, कोणत्या दशकात आली, हा मौखिक इतिहासाचा विषय आहे. त्या पिढीची माणसं आता सत्तरीत आहेत, तेव्हा उशीर करू नका. भरतीच्या अकादम्यांत दुखापत झाल्यावर मुलं कोणाकडे जातात आणि काय घेतात, हा समाजशास्त्राचा किंवा सार्वजनिक आरोग्याचा. त्यासाठी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आणि मुलांची नावं गुप्त ठेवण्याची हमी आधी लागेल. आणि बीपीसी-१५७ वरच्या शोधनिबंधांपैकी किती एकाच गटातून येतात, हे मोजणं ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही जमेल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, चिकाटी लागते.

विषय कोणताही घ्या, गावातला कुणीतरी तुम्हाला विचारणारच आहे. तुम्ही 'रिसर्चवाले' ना, मग ही कुपी घेऊ का? त्याला ओरडू नका, घाबरवूही नका. आधी विचारा, चाचणी कधी आहे आणि दुखतं कुठे. मग कुपीवरची ती इंग्रजी ओळ त्याच्यासोबत वाचा आणि मराठीत तिचा अर्थ सांगा. दुखणं पंधरा दिवसांहून जास्त असेल, रात्रीही ठणकत असेल किंवा हाडावर बोट ठेवलं की एकाच जागी कळ जात असेल, तर ते हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो. तसल्या पायावर पळत राहिला तर हाड पूर्ण मोडू शकतं. त्याला ग्रामीण रुग्णालयात किंवा नागपूरच्या मेडिकलच्या अस्थिरोग विभागात पाठवा. आणि त्याने आधीच काही टोचून घेतलं असेल, तर नाव, तारीख, मात्रा आणि कुपीचा फोटो, एवढं लिहून ठेवायला सांगा. डॉक्टरांना ते दाखवायला सांगा. एसेंडनच्या खेळाडूंकडे नव्हती ती वही निदान त्याच्याकडे असेल.